शालजोडीतले

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावच्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा आणि तिला जोडूनच मुलांचा बक्षीस समारंभ. वेळ संध्याकाळी साडेपाचची. संस्थेचे अध्यक्ष उगवले सात वाजून दहा मिनिटांनी. तोवर निबंध स्पर्धेतले विजेते आयांच्या मांडीवर झोपले होते, हारातल्या शेवंतीनं माना टाकल्या होत्या आणि चहावाल्या पोरानं थर्मास दोनदा भरून आणला होता. अध्यक्षांनी उशिराचं कारण सांगितलं नाही, पण भाषण पाऊण तास केलं.

शेवटी कार्यवाह आभाराला उभे राहिले. आयुष्यभर हायस्कुलात संस्कृत शिकवलेले गृहस्थ. आवाज बारीक, उच्चार नाणं वाजवून घ्यावं तसे. ते म्हणाले, "माननीय अध्यक्षांनी आज आपला बहुमूल्य वेळ खर्ची घातला, याबद्दल संस्था त्यांची ऋणी आहे." 'आपला' हा शब्द उच्चारून ते पळभर थांबले आणि चष्म्यावरून त्यांनी सभागृहाकडे पाहिलं, बस. अध्यक्षांनी मान तुकवून आभार स्वीकारले. तिसऱ्या रांगेत कुणीतरी खोकलं. माझ्या शेजारी बसलेले पोस्टमास्तर न हसता पुटपुटले, "शालजोडीतला!"

मराठीत 'आपला' म्हणजे स्वतःचा, आणि 'आपला' म्हणजे तुमचा-आमचा सगळ्यांचा. अध्यक्षांनी पहिला अर्थ घेतला, उरलेल्या दीडशे लोकांनी दुसरा. वाक्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

मागच्या प्रकरणात आपण शिव्यांचा हिशेब केला. शिवी उघडी असते, देणाऱ्यालाही कळते आणि घेणाऱ्यालाही. या प्रकरणात बघायचा आहे तो तिचा कपडे घातलेला भाऊ.

आधी शब्दाचं व्याकरण बघू, कारण सगळी गंमत तिथंच दडलेली आहे. 'शालजोडीतले मारले', 'शालजोडीतला हाणला', 'शालजोडीतून दिले' असं आपण सर्रास म्हणतो. पण काय मारले? काय हाणला? वाक्यात नाम नाहीच. मारहाणीच्या बाबतीत मराठीला ही जुनी खोड आहे. 'दोन ठेवून दिल्या' म्हटलं की त्या थपडा, हे सांगावं लागत नाही. 'एक ठेवून दिला' म्हटलं की तो गुद्दा किंवा तडाखा. वस्तूचं नाव गाळायचं आणि लिंग-वचन तेवढं मागे ठेवायचं, ही रीत. चोर पळाला तरी पावलांचे ठसे राहतात तसं. आता 'शालजोडी' हा शब्द स्त्रीलिंगी, पण 'शालजोडीतले' हे पुल्लिंगी अनेकवचन. म्हणजे आत कुणीतरी पुल्लिंगी बसलेला आहे, आणि तो एकटा नाही. ते आहेत जोडे. मानाच्या शालीत गुंडाळून हाणलेले पायातले जोडे.

गाळलेलं नाम 'जोडे' आहे हे कळलं की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. बाहेर 'जोडी', आत 'जोडा'. ज्या कुणी हा वाक्प्रचार पहिल्यांदा वापरला त्यानं तो वापरतानाच एक कोटी करून ठेवली. अपमानाचं हे वर्णनही त्यानं नुसतं सरळ केलं नाही, त्यालाही जरीचा काठ लावला.

शालजोडी ही काय चीज होती हे आज अनेकांना ठाऊक नसतं, कारण आता सत्काराला मिळते ती एकेरी शाल, तीही सत्कारमूर्तींच्या कपाटातून पुढच्या सत्काराला निघते अशी. 'शाल' शब्द फारसीतून आला. उत्तम शाली काश्मीरच्या. विणून काढलेल्या नक्षीच्या शालीला एक सुलटी बाजू असते आणि एक उलटी. सुलट्या बाजूला वेलबुट्टी, उलट्या बाजूला रंगीत धाग्यांची टोकं आणि गाठी. अकबरानं शाली दुहेरी पांघरायला सुरुवात केल्याची नोंद अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत आहे. दोन शाली पाठीला पाठ लावून शिवल्या की उलटी बाजू आत जाते आणि जगाला दोन्हीकडून वेलबुट्टीच दिसते. पेशवाईच्या कागदपत्रांत मानाच्या वस्त्रांच्या यादीत शालजोडी वारंवार भेटते. कुणाला शालजोडी मिळाली आणि कुणाला नुसताच शेला, यावरून माणसाची दरबारातली पायरी कळे.

तर अशी ही वस्तू. तिच्यात जोडा लपवायचा. जोड्याचं स्थान आपल्याकडे उंबऱ्याबाहेर. पायातली वहाण पायातच बरी, असं सांगणारा समाज हा. आजही महाराष्ट्रात राजकीय पक्ष 'जोडे मारो आंदोलन' करतात. पुतळा, फोटो, जोडा आणि कॅमेरे. तिथं शालीचा पत्ता नसतो आणि विनोदाचाही. 'खेटराने पूजा' या वाक्प्रचारात मात्र निम्मा रस्ता कापलेला आहे. हत्यार उघडं आहे, पण क्रियेला नाव दिलंय पूजेचं. शालजोडीतल्यांनी उरलेला निम्माही कापला आणि हत्यारही झाकलं.

इंग्रजांच्या 'सार्कॅझम' या शब्दाचं मूळ ग्रीक आहे आणि त्याचा मूळ अर्थ मांस ओरबाडणं. तिथं लक्ष जखमेकडे आहे. आपल्या शब्दाचं लक्ष वेष्टनाकडे. मला हा फरक फार बोलका वाटतो. मराठी माणसाला घाव किती खोल गेला यापेक्षा तो किती नीटनेटका घातला याचं कौतुक जास्त. पोस्टमास्तरांनी अध्यक्षांची कीव केली नाही आणि त्यांचा रागही केला नाही. त्यांनी कार्यवाहांच्या हाताला दाद दिली.

हे वेष्टन किती जुनं आणि किती खोल मुरलेलं आहे ते बघायचं असेल तर रोजच्या बोलण्यातले शब्द उलगडून पाहावेत. 'काय दिवे लावले परीक्षेत?' दिवा लावणं हे मंगल काम, पण हे वाक्य ऐकून मंगल वाटलेला विद्यार्थी अजून जन्माला यायचाय. 'मोठा उजेड पाडलास.' 'मुलानं गुण उधळले.' गुण आणि उधळणं, दोन्ही तसे चांगले शब्द, एकत्र आले की पोलीस ठाण्यातून फोन आलेला असतो. 'मुक्ताफळं' म्हणजे मोती, पण पुढाऱ्याच्या तोंडून ती उधळली जातात तेव्हा दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा लागतो. 'प्रताप', 'पराक्रम', 'प्रसाद', 'घरचा आहेर', 'महाभाग' यांपैकी कुठला शब्द आज सरळ अर्थानं घ्यावा आणि कुठला शालीतला, हे प्रसंग बघूनच ठरवावं लागतं. 'आमच्या महाभागांनी काय केलं ठाऊक आहे?' या प्रश्नानंतर कुणी कौतुकाची गोष्ट ऐकली असेल तर कळवावं.

काही शब्द तर असे उलटले की परत सुलटे झालेच नाहीत. 'शिष्ट' म्हणजे सुसंस्कृत, विद्वज्जनांत बसणारा. 'शिष्टाचार', 'शिष्टमंडळ' या शब्दांत तो मान अजून शाबूत आहे. पण 'ती फार शिष्ट आहे' म्हणा बघू. 'संभावित' म्हणजे ज्याला लोक मान देतात तो. आता 'संभावितपणाचा आव' एवढ्यापुरताच तो उरला. 'शहाणा' हा तर बिचारा रोज मार खातो. 'शहाणाच आहेस!' या वाक्याला शहाणपणाशी काही देणंघेणं नाही, आणि कुणाला अगदीच राहवलं नाही तर तो शहाणपण दीडपट करतो आणि 'दीडशहाणा' म्हणतो. जगात बहुधा हीच एक जागा असेल जिथे दीड हे एकापेक्षा कमी असतं.

या शब्दांचं काय झालं ते सरळ आहे. हे सगळे एके काळचे शालजोडीतले. वापरून वापरून शाल विरली आणि जोडा दिसायला लागला. 'काय दिवे लावले' यात आता कसलंही वेष्टन उरलेलं नाही, ते सरळ रागावणं झालं. म्हणून ज्याला खरा शालजोडीतला हाणायचा आहे त्याला दर वेळी नवी शाल विणावी लागते. तयार शालींवर भागत नाही. वाचनालयाचे कार्यवाह 'अध्यक्षांनी फार उजेड पाडला' असं म्हणाले असते तर ते भांडण ठरलं असतं.

शाल विणायचं सगळ्यात हुकमी सूत म्हणजे मराठीचं आदरार्थी बहुवचन. 'तू'ला 'तुम्ही' केलं, 'तुम्ही'ला 'आपण' केलं की पायरी वर जाते, पण ज्याला रोज 'तू' म्हणतो त्याला अचानक 'आपण' म्हटलं की तो समजून चुकतो. रविवारी साडेदहाला उठून स्वयंपाकघरात आलेल्या चिरंजीवांना आई विचारते, "उठलात? इतक्या लवकर? चहा ठेवू, की एकदम ताटच वाढायला घेऊ महाराज?" या वाक्यात एकही वाईट शब्द नाही. उलट शिवाजी महाराजांनाच शोभावी अशी पदवी आहे. पण 'उठलास' ऐवजी 'उठलात' आलं तिथंच पोरगा बेसिनकडे वळतो. मुलगाही तयारीचा असला तर म्हणतो, "आपण म्हणाल तसं, मातोश्री." मग दोघंही हसतात आणि चहा मिळतो. नवरा-बायकोत हा खेळ अधिक जोखमीचा. तिथं 'अहो' केव्हा आदराचा, केव्हा सवयीचा आणि केव्हा शालजोडीतला, हे ओळखायला काही वर्षं जावी लागतात.

संस्कृत साहित्यशास्त्रानं ही सगळी हत्यारं फार आधी पारखून, नावं घालून फडताळात लावून ठेवली आहेत. वरवर स्तुती आणि आतून निंदा, किंवा वरवर निंदा आणि आतून स्तुती, ही व्याजस्तुती. अकराव्या शतकातल्या मम्मटानं काव्यप्रकाशात ती सांगितली आणि शाळेच्या व्याकरणात आपण ती अलंकार म्हणून पाठ केली. इथं 'व्याज' हा शब्द विद्यार्थ्यांना छळतो. बँकेतल्या व्याजाशी त्याचा संबंध लावायचा नाही. संस्कृतात व्याज म्हणजे निमित्त, सोंग, बतावणी. म्हणून 'निर्व्याज प्रेम' म्हणजे ज्यात सोंग नाही ते. ते बिनव्याजी असतं हा केवळ योगायोग.

दुसरं हत्यार त्याहून बारीक आहे. नवव्या शतकातल्या रुद्रटानं वक्रोक्तीचे दोन प्रकार केले. एक श्लेषानं साधलेली आणि दुसरी काकूनं. काकू म्हणजे आवाजातला बदल, सुराला दिलेली कलाटणी. शब्द तेच ठेवायचे आणि सुरानं अर्थ फिरवायचा. 'वा, फार छान झालं!' हे वाक्य कागदावर एकच आहे, पण तोंडातून ते दहा प्रकारे बाहेर पडतं. शालजोडीतल्यांचं निम्मं बळ काकूत असतं हे शास्त्रवचन वाचलं तेव्हा मी मनापासून मान डोलावली, कारण आमच्या वाड्यातले नामांकित शालजोडीतले एका काकूंच्याच नावावर होते. शेजारीण उसनी साखर परत करायला महिन्यानं आली की काकू म्हणत, "अगं, एवढी काय घाई होती?"

आता शेजारचे शब्द. शालजोडीतला हा एकटा राहत नाही, त्याची मोठी भावकी आहे, आणि लोक त्यांना एकमेकांच्या नावानं हाक मारतात. वर्तमानपत्रं तर कुठल्याही टीकेला 'शालजोडीतून टोला' असा मथळा देऊन मोकळी होतात. त्यांत बहुतेकदा शालही नसते आणि जोडीही.

टोमणा हा खुला असतो. त्याला वेष्टन लागत नाही, वेळ लागते. लग्नाच्या पंगतीत मुद्दाम ऐकू जाईल असं 'काहींच्या घरी आग्रह करायची पद्धत नसते' म्हटलं की तो टोमणा. त्याची सख्खी बहीण म्हणजे 'लेकी बोले सुने लागे'. सासू रागावते लेकीला आणि लागतं ते सुनेला. या दोघांत आणि शालजोडीतल्यात फरक काय, यावर मी बरेच दिवस विचार केला. टपालाच्या भाषेत सांगतो, पोस्टमास्तरांचा मान म्हणून. लेकीला बोलून सुनेला लावताना मजकूर खरा असतो, पत्ता चुकीचा घातलेला असतो. शालजोडीतल्यात पत्ता बरोबर असतो, अगदी सन्माननीय वगैरे लावून घातलेला, आणि आतला मजकूर वाचायचा असतो तो उलटा.

'खवचट' हा माणसाचा स्वभाव. आंबट, तुरट, खारट, तिखट यांच्या रांगेत बसणारा हा शब्द कानालाही चवीसारखा लागतो. खवट आणि खवचट यांत एका 'च'चा फरक आहे. खवट झालेलं खोबरं फेकून द्यावं लागतं, खवचट माणूस मात्र गप्पांच्या फडात हवाच असतो. पु. ल. देशपांड्यांनी व्यक्ती आणि वल्लीत रेखाटलेला रत्नागिरीचा अंतू बर्वा हा या जातीचा शिरोमणी. पण अंतूशेट शाली वापरत नाहीत. त्यांचं बोलणं तिरकस, नारळाच्या शेंडीसारखं खरखरीत, आणि आतलं पाणी शेवटी दिसतं. पुण्याच्या पाट्याही खवचटातच जमा होतात. 'बेल एकदाच वाजवावी, आत माणसं राहतात' या छापाच्या. त्यांचं गेल्या काही वर्षांत जरा जास्तच कौतुक झालं असं माझं मत आहे. पाटी समोरच्याला उत्तर द्यायची संधी देत नाही, आणि ज्याला उलट उत्तर येऊच शकत नाही तो विनोद लवकर आळशी होतो. 'कुजकट' हा याच कुळातला बिघडलेला मुलगा. त्याच्यात विनोद नसतो, नुसता वास असतो.

आणि कोटी. कोटी म्हणजे शब्दाला दोन टोकं आहेत हे ओळखून त्याला मध्ये पकडणं. संस्कृतात कोटी म्हणजे धनुष्याचं टोक, म्हणजे वादातली एक बाजू, आणि म्हणजे शंभर लाखही. पु. लं.ना लोक 'कोट्याधीश' म्हणत त्यात हा शेवटचा अर्थ कामाला लावला होता. कोटी निरुपद्रवी असू शकते, नुसती शब्दाची कसरत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि राम गणेश गडकरी यांच्या नाटकांत अशा कोट्यांची आतषबाजी आहे. शालजोडीतल्याला मात्र कुणीतरी लागणारं हवं. 'आपला' या शब्दावर कार्यवाहांनी केली ती कोटीच. अध्यक्ष समोर बसले होते म्हणून ती शालजोडीतली झाली.

शालीविना काम करणारे मोठे लेखकही मराठीत झाले. आचार्य अत्र्यांनी मराठा दैनिक १९५६ साली काढलं, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी जो मारा केला तो उघड्या जोड्यांचा. त्यांना शाल गुंडाळत बसायला सवड नव्हती आणि हौसही नव्हती. गंमत म्हणजे हेच अत्रे तरुणपणी केशवकुमार हे नाव घेऊन १९२५ साली झेंडूची फुले घेऊन आले तेव्हा शाल त्यांनीही वापरली. विडंबन ही एक प्रकारची शालच. ज्याची खोड मोडायची त्याचंच वृत्त, त्याचीच लकब आदरानं अंगावर घ्यायची.

पण मराठीत शालजोडीतल्यांचा सर्वांत मोठा कारखाना चालवला तो शिवराम महादेव परांजप्यांनी. महाडचा जन्म, संस्कृतचं गाढं पांडित्य. १८९८ साली त्यांनी काळ हे साप्ताहिक काढलं. याच वर्षी सरकारनं राजद्रोहाचं १२४-अ हे कलम अधिक विस्तारलं होतं. आधीच्या वर्षी टिळकांना त्याच कलमाखाली शिक्षा झालेली. सरकारबद्दल अप्रीती उत्पन्न करणारं काही लिहायचं नाही, असा कायदा. ठीक आहे, मग प्रीतीच लिहू, असा परांजप्यांचा मार्ग. इंग्रजी राज्याचे उपकार मोजायला बसायचे, सरकारच्या दयाळूपणाची वाखाणणी करायची, आणि ती इतकी मन लावून करायची की वाचकाला प्रत्येक उपकाराचा व्रण दिसावा. उपरोध आणि व्याजोक्ती हे त्यांचं रोजचं गद्य झालं. इथं एक नोंद करून ठेवावीशी वाटते. संस्कृतात 'उपरोध' म्हणजे अडथळा, अडवणूक. मराठीनं त्याला तिरकस बोलण्याचा अर्थ दिला. परांजप्यांच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकत्र नांदले. ज्याला सरळ रस्ता अडवलेला आहे तो आडवाटेनं जाणारच.

हे दहा वर्षं चाललं. अशा लेखणीला पकडणं सरकारी अनुवादकाला सोपं नसतं. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं तर हातात स्तुती येते आणि अर्थाचं भाषांतर केलं तर 'हे लिहिलंय कुठं?' असा प्रश्न उभा राहतो. काकूचं भाषांतर कसं करणार? तरी १९०८ साली पकड बसली. परांजप्यांना एकोणीस महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि पुढे काळही बंद पडला. त्याच वर्षी टिळकांना मुंबईत अटक झाली, आणि त्यांनीही आपल्या लेखांच्या इंग्रजी भाषांतरात काय काय चुकलं आहे यावर न्यायालयात दिवसच्या दिवस युक्तिवाद केला. परांजप्यांच्या निवडक निबंधांची पुस्तकं पुढे सरकारनं जप्त केली. सरकारला शाल उशिरा कळली, पण कळली.

कायद्याला हा प्रकार अगदीच अनोळखी होता असं मात्र नाही. मेकॉलेनं ज्याचा मसुदा आखला त्या १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं ४९९ वं कलम बदनामीचं. त्याच्या तिसऱ्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की उपरोधानं केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो. आणि या कलमाला जोडलेलं पहिलंच उदाहरण वाचून कायदेपंडितांबद्दल आदर वाढतो. एक माणूस म्हणतो की अमुक गृहस्थ प्रामाणिक आहेत, त्यांनी तमुकाचं घड्याळ मुळीच चोरलेलं नाही. हेतू असा की त्यांनीच ते चोरलं असं लोकांनी समजावं. ही बदनामी. म्हणजे जे घड्याळ चोरीला गेल्याचा विषयही कुणी काढला नव्हता त्याबद्दल निर्दोष ठरवून टाकायचं. आमच्या वाड्यातल्या काकूंनी हे कलम वाचलेलं असण्याची शक्यता नाही, पण 'नाही हो, त्या कशाला घेतील माझी तपेली?' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिथं बदनामीचं कलम ३५६ आहे. उपरोधाची तरतूद तीही बरोबर घेऊन आली.

शालजोडीतले कुणी कुणाला मारावेत याचा कायदा नाही, पण एक दंडक मला पटतो. खालच्या पायरीवरून वर मारले तर ते शोभतात. कार्यवाहांनी अध्यक्षांना, संपादकानं सरकारला, सुनेनं सासऱ्यांना. सरळ बोलायची सोय नसते तिथं शाल ही गरज असते. वरून खाली मारले की शाल नुसती चैनीची होते. सातवीत असताना आमच्या वर्गावर एक मास्तर होते. गणिताचे पेपर वाटताना शंभरात अकरा मिळालेल्या मुलाला म्हणायचे, "यावं, भास्कराचार्य यावं." वर्ग हसायचा, मीही हसायचो. तो मुलगा उठून पेपर घ्यायचा आणि जागेवर जाऊन बसायचा. त्याला शाल परत करायची सोय नव्हती. दिवाळीनंतर त्यानं शाळा सोडली. निव्वळ त्या वाक्यामुळे सोडली असं मी म्हणणार नाही, घरची ओढगस्तही होती. पण त्या हसण्यात माझा आवाज होता हे मी अजून विसरलेलो नाही.

याच्या अगदी उलट टोकाला आपले संत आहेत. जनाबाई, नामदेव विठोबाला काय काय बोलतात! देवाला चोर म्हणायचं, निर्दय म्हणायचं, त्याच्याशी भांडण काढायचं. हिला निंदास्तुती म्हणतात. इथं जोडा बाहेर आणि शाल आत. विठोबानं कधी बदनामीचा दावा लावल्याचं ऐकिवात नाही.

हात साफ व्हावा अशी कुणाची इच्छा असेल तर माझ्या निरीक्षणातली एकच गोष्ट सांगतो. शाल खरी हवी. अतिशयोक्ती केली, 'आपल्यासारखे युगपुरुष' वगैरे म्हटलं, की समोरच्याला लगेच वास येतो आणि गंमत संपते. उत्तम शालजोडीतलं वाक्य हे शब्दशः खरं असतं, प्रसंगाला शोभणारं असतं, आणि उद्या कुणी ते लिहून काढलं तर त्यात आक्षेपार्ह काही सापडत नाही. मोबाइलवर मजकूर धाडून शेवटी डोळा मारणारं चित्र चिकटवणाऱ्यांना हे जमणार नाही. ती शाल वर करून 'बघा, आत जोडा आहे' असं दाखवण्याची तऱ्हा झाली.

वाचनालयाच्या त्या कार्यवाहांना पुढे एकदा मी या वाक्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "छे हो, मी आपला आभार मानत होतो." यातला 'आपला' कुठला, हेही मला त्या क्षणी कळलं नाही.

सभेचं इतिवृत्त लिहायचं काम कार्यवाहांचंच असतं. त्यांनी आपलं आभाराचं वाक्य त्यात जसंच्या तसं उतरवलं आहे, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात. ती वही अजून वाचनालयाच्या कपाटात आहे. त्या पानाखाली पुढच्या वर्षीच्या सभेची तारीख आहे, 'वाचून कायम केले' असा शेरा आहे आणि अध्यक्षांची सही आहे.